खरवसाचं कूळ

'माग' आमच्या अन्नतपासणी केंद्रात आला तेव्हा त्याची रीतसर पूजा झाली. नारळ मी फोडला, कारण सगळ्यांत जास्त नोकरी माझी. तो आतून कुजका निघाला. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मी म्हटलं, "तपासायला घेऊ या का?" तेव्हा कुठे माणसं हसली.

यंत्र दिसायला मिक्सरएवढं. नाव ठेवणाऱ्यानं माग काढण्याचाच विचार केला असावा. आमच्या भागात माग म्हटलं की लोकांना विणकर आठवतो. पण काम त्याचं खरोखर चोख होतं. त्याआधी पंचवीस वर्षं आम्ही जे करत होतो ते मला त्याच्यापुढे चुलीवरच्या फुंकणीसारखं वाटायला लागलं.

जुनी पद्धत अशी. दूध, मिठाई, चटणी, जे काही तपासायला आलं असेल त्यातलं पंचवीस ग्रॅम घ्यायचं, पोषक पाण्यात दिवसभर उबवायचं, मग ताटलीत रेघा ओढायच्या. ताटलीत काळे ठिपके उगवले की साल्मोनेला. पाच दिवसांनी एवढंच कळायचं. आणि साल्मोनेला हे झालं आडनाव. माझं सासर मळेवाडी, तिथं आम्हा थोरवतांची चाळीस घरं आहेत. 'चोर थोरवत होता' एवढं कळल्यावर दार कुणाचं ठोठवायचं?

'माग' घर सांगतो. जंतूच्या अंगात अठ्ठेचाळीस लाख अक्षरांची पोथी असते. एकाचे दोन होताना तो ती उतरवून काढतो, आणि उतरवताना वर्षाकाठी एखाददुसरं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या पिढीत जशीच्या तशी उतरते. दोन पोथ्यांतल्या चुका सारख्या निघाल्या की समजायचं, हे सख्खे भाऊ, एकाच घरात वाढलेले. यंत्र तासाभरात अख्खी पोथी वाचतं आणि देशभरातल्या नोंदींशी ताडून पाहून पत्ता छापतं. कुठल्या डेअरीची टाकी, कुठल्या खानावळीचा पाटा.

सरकारनं प्रत्येक अन्नव्यवसायाला 'कूळपत्र' लावलं, म्हणजे तिथल्या जंतूंच्या कुळाचा दाखला, ते ठीक होतं. लोकांनी मात्र पुढचं सगळं आपल्या मनानं केलं. दोन वर्षांत लग्नाच्या बैठकीत मुलीच्या स्वयंपाकघराचं कूळपत्र मागायला लागले. वाटी घेऊन विरजण मागायला शेजारीण आली की आधी तिच्या फ्रीजची चौकशी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर नणंदेचे लाडू तपासायला माझ्याकडे पाठवले. लाडू उत्तम होते. मी दोन खाल्ले आणि तसा अहवाल तोंडी दिला.

मग जुन्या कुप्यांचा आदेश आला. आजवर ज्या ज्या नमुन्यांत जंतू सापडले, ते आम्ही शून्याखाली ऐंशी अंशांवर गोठवून ठेवलेले. सहा हजार कुप्या. त्या एकेक करून जागवायच्या, 'माग'ला वाचायला द्यायच्या, जे उगवणार नाहीत त्यांच्यापुढे 'निर्जीव' लिहायचं. माझ्या निवृत्तीला चार महिने होते. म्हटलं, हे मीच करते. पंचवीस वर्षांचे आपलेच पाहुणे, निरोपही आपणच द्यावा.

जून दोन हजार त्रेचाळीसच्या एका मंगळवारी दुपारी, जेवणाचा डबा अर्धा उघडलेला असताना, मी पडद्यावरची ओळ वाचली.

'नमुना: खरवस, मळेवाडी. साल २०३२. कूळ: क-१. वसतिस्थान: हीच प्रयोगशाळा.'

क-१ म्हणजे काय ते सांगते. आम्ही नमुने लावतो त्या प्रत्येक दिवशी एका ताटलीत ओळखीचा, जिवंत साल्मोनेला मुद्दाम पेरतो. तो उगवला तर समजायचं की ताटल्यांतलं खाद्य ठीक आहे, आपली पद्धत चालते आहे. त्याला आम्ही जावई म्हणायचो. काम काही नाही, पण हजर पाहिजे आणि खाणंपिणं वेळेवर पाहिजे. जावई सगळ्यांत शेवटी उघडायचा, हा नियम. आधी उघडला आणि हाताला, नळीच्या टोकाला दिसणारही नाही एवढा थेंब लागून राहिला, की तो पुढच्या नमुन्यात जातो. मग निर्दोष नमुन्यात जंतू उगवतो, आणि तो असतो आपलाच.

मळेवाडीच्या खरवसात माझा जावई होता. पोथीत एका अक्षराचाही फरक नाही.

मी डबा बंद केला.

*

आक्का माझी थोरली जाऊ, आमच्या ह्यांच्या दादाची, आप्पांची, बायको. मी सासरी आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती, आणि तिनं ते सासूला पाच वर्षं कळू दिलं नाही. तिच्याकडे चार म्हशी. म्हैस व्याली की पहिले दोन-तीन दिवस जे दाट पिवळसर दूध निघतं, तो चीक. मळेवाडीत चीक विकत नाहीत. वाटतात. घरोघरी तांब्या जातो. चीक विकला तर गोठ्याचं नाही, लेकराबाळांचं वाईट होतं, अशी तिथली समजूत.

ती समजूत मोडली मी. "आक्का, शहरात लोक खरवसासाठी रांगा लावतील आणि तुम्ही तांबेच्या तांबे वाटताय!" असं म्हणून मी तिला परवाना काढून दिला, झाकणाचे कप आणून दिले, वाफवायचं तापमान भिंतीवर लिहून दिलं. सगळ्या गोठ्यांतला चीक ती गोळा करायला लागली. पहिल्या महिन्यात गावातल्या बायका कुजबुजल्या. दुसऱ्या महिन्यात त्याच बायका चीक घालायला रांगेत उभ्या राहिल्या.

आणि त्या चैत्रात जत्रेनंतर गावातली अकरा मुलं जुलाब-तापानं आडवी झाली. तिसऱ्या दिवशी मंदाची अडीच वर्षांची मुलगी गेली. मंदा आक्काची शेजारीण, मधे एकच भिंत. मुलीनं ताप येण्याच्या आदल्या दिवशी आक्काच्या हातून खरवस खाल्ला होता.

नमुना माझ्याकडे आला. दुसऱ्याकडे द्यायला हवा होता. पण तेव्हा केंद्रात दुसरं होतं कोण? एक जण बाळंतपणाच्या रजेवर, एक नुकता लागलेला. मी ठरवलं, करायचं तर असं करायचं की कुणाला बोट ठेवायला जागा नको. जावेचा नमुना म्हणून सैल सोडला असं कुणी म्हणू नये. म्हणून मी त्या दिवशी एक जावई न लावता पाच लावले. प्रत्येक नमुन्याच्या आधी एक. नियम माहीत होता. पण मला वाटलं, पद्धत पावलोपावली तपासत गेलं की जास्त चोख.

कुपी पाच वेळा उघडली. एका दिवसात ती एवढ्या वेळा कधीच उघडत नाहीत.

काळे ठिपके उगवले. उपजात ओळखायला पुण्याला पाठवता आलं असतं, पंधरा दिवस लागले असते, पण हा जावईच आहे हे तिथं ओळखू आलं असतं. तेही मी टाळलं. म्हणतील, बाई जावेसाठी पळवाट शोधते आहे.

आक्काला सहा महिने सजा झाली. मला राज्याचा पुरस्कार मिळाला. नात्यागोत्याला न जुमानणारी अधिकारी, असं मानपत्रात होतं. तेव्हा मी ते वाचून रडले होते, आणि मला वाटलं होतं की मी आक्कासाठी रडते आहे.

*

संध्याकाळी घरी सांगितलं. आमचे हे टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकत होते.

"म्हणजे," ते म्हणाले, "दादा गेला तेव्हा आक्काच्या घरच्यांनी मला दहाव्यालाही बोलावलं नाही, ते तुझ्या हाताला लागलेल्या थेंबापायी?"

"हो."

त्यांनी टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा केला. ताट वाढलं ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या खोक्यातल्या उरलेल्या कुप्या वाचल्या. खरवस आला त्याच आठवड्यात इस्पितळानं आजारी मुलांचे जंतूही आमच्याकडे पाठवले होते, ते त्याच खोक्यात. 'माग'नं त्यांचा पत्ता वेगळा छापला. नदीकाठचा एक बर्फाचा कारखाना, तिथली टाकी. जत्रेत मुलांनी बर्फाचे गोळे खाल्ले होते! त्यानंतरच्या वर्षांत आणखी दोन गावांत हेच कूळ सापडलेलं, आणखी दोन मुलं गेलेली. त्या वेळी बर्फाकडे कुणी बघितलंच नाही. कशाला बघतील? गुन्हेगार मी शोधून दिला होता.

आमचे केंद्रप्रमुख उपळाईकर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. माणूस वाईट नाही. बर्फवाल्याचं कळल्यावर ते खुर्चीतून उठले. "थोरवत बाई, तीन मुलांचा खुनी धरला आपण!"

मग मी खरवसाची कुपी सांगितली. ते पुन्हा बसले.

"ती उगवलीच नाही असं लिहा. निर्जीव. अकरा वर्षांत मरतात हो जंतू."

"हा मेला नाही."

"मग मारा. ऑटोक्लेव्ह कशाला आहे?"

"साहेब, माझी जाऊ सहा महिने आत बसून आली."

"ती आली ना बाहेर? हा अजून आत गेलेला नाही." त्यांनी टेबलावर दोन खोडरबर शेजारी शेजारी ठेवले. "हा खरवस. ही मुलं. एक खोकं, एक आठवडा, एक हात. तुमचा. खरवसात माझा जंतू मिसळला असं तुम्ही लिहून दिलंत की त्याचा वकील एवढंच विचारणार, बाकीच्यांत काय मिसळलं ते कशावरून?"

"बर्फातला जंतू आपल्याकडे कधी नव्हताच. पोथीच वेगळी आहे. शाळेतल्या पोरालाही कळेल."

"शास्त्राला कळतं. कोर्टाला एक वाक्य पुरतं. यांचा हात स्वच्छ नव्हता."

"आजचा बर्फ तपासू."

"तपासला. गंगाजल आहे. टाकी बदलली त्यानं गेल्या वर्षी. जुन्या कुप्या सोडून आपल्या हातात काही नाही." त्यांनी एक खोडरबर उचलला. "बाई, दोहोंतलं एकच होईल. तुमची जाऊ सुटेल, किंवा तो अडकेल. एका खोक्यातून दोन न्याय निघणार नाहीत."

*

मळेवाडीला एसटीतून उतरले तेव्हा अकरा वाजले होते. अकरा वर्षांत रस्ता डांबरी झाला होता, घराला नवा पत्रा आला होता. आक्का गोठ्यात होती. म्हैस दोन दिवसांपूर्वी व्यालेली. एक घमेलं घेऊन ती परसातल्या नारळाच्या बुंध्याशी गेली आणि त्यात जे होतं ते ओतून आली. चीक होता. रेडकाला पुरून उरलेला.

"कुणी नेत न्हाई," माझ्याकडे न बघताच ती म्हणाली. "ये. चा टाकू का तपासून पितीस?"

"टाका."

चुलीपाशी बसून मी सगळं सांगितलं. जावई, पाच वेळा उघडलेली कुपी, थेंब. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. चहा उतू गेला तेव्हा फक्त भांडं बाजूला घेतलं.

"म्हंजे माज्या खरवसात कायबी न्हवतं?"

"नव्हतं."

"इकला म्हणून न्हाई झालं?"

"नाही, आक्का."

ती पदरानं भांड्याचा काठ पुसत राहिली. पुसून झालेला काठ पुन्हा पुसला. "आप्पांनी मरूस्तवर माज्या हातचं दूध घेतलं न्हाई," ती म्हणाली. "शेवटाला घशात पानीबी जाईना, तवा नर्सच्या हातनं घेतलं. म्या दारात हुबी. म्हनले न्हाईत काय. निस्तं तोंड फिरवलं. मला वाटलं, बरूबर हाय. माज्या हातानं पोर गेली, मानूस तोंड फिरवंलच."

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मग ती पोर कशानं गेली?"

मी बर्फाचं सांगितलं. आणि मग, सांगायला नको होतं तेही सांगितलं. उपळाईकरांचं, एका खोक्यातून दोन न्याय निघणार नाहीत ते. सांगताना मला वाटत होतं की मी तिच्यापासून काही लपवत नाही. वाक्य संपलं तेव्हा लक्षात आलं की मी काय केलंय.

आक्का बघत राहिली. मग हसली. पूर्वी भाकरी फाटली की हसायची तशी.

"व्हय गं शालन. चूक तुजी, आन् निवाडा म्या करायचा? म्या म्हनावं, जाऊ दे, मला ऱ्हाऊ दे पापी, त्येला धरा. मग तू म्हननार, आक्का लई मोठ्या मनाची. पुन्यांदा मानपत्र घेनार." तिनं चहा माझ्यापुढे ठेवला. "माज्या दारात वझं टाकू नगंस. आलीस तशी घिऊन जा."

चहा मी प्यायले. तिनं तो मी संपवेपर्यंत समोर बसून पाहिला, नमुना घेणाऱ्यानं पाहावा तसा.

*

परतीच्या गाडीत मी दोन्ही बाजूंनी हिशेब मांडायचा प्रयत्न केला आणि दर वेळी आप्पांचं फिरवलेलं तोंड मधे आलं. तीन मुलं माझ्या डोळ्यांसमोर यायला हवी होती. आली नाहीत. त्यांना मी कधी पाहिलंच नव्हतं. मोठं तत्त्व वगैरे काही नव्हतं, हे आधीच सांगते.

दुसऱ्या दिवशी कुपीपुढच्या रकान्यात मी लिहिलं: जिवंत. आणि खाली चार ओळींत कसं झालं ते.

पुढचं सगळं उपळाईकर म्हणाले होते तसंच झालं, फक्त त्यांनी म्हटलं होतं त्याहून लवकर. आक्काच्या नावावरचा दोष उतरला. तिचं नवं कूळपत्र निघालं. पुरस्कार परत मागवला गेला, तो मी कुरियरनं पाठवला. बर्फवाल्याच्या वकिलानं माझ्या त्याच चार ओळी कोर्टात वाचून दाखवल्या. खणखणीत वाचल्या म्हणे, एकही शब्द न गाळता. खोक्यातल्या सगळ्या कुप्या पुराव्यातून बाद, आणि माझ्याच हातच्या म्हणून त्या दोन गावांच्याही. तो सुटला, आणि बाहेर येऊन त्यानं पत्रकारांना थंड पाणी पाजलं.

मळेवाडीतून एक फोन आला. आक्काचा नव्हे, सरपंचाचा. लोक तिच्या दारी चिकासाठी तांबे घेऊन गेले होते. तिनं दार लावून घेतलं.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी दुपारी केंद्राच्या बाकावर दोन बायका दिसल्या. एक आक्का. दुसरी ओळखायला मला वेळ लागला. मंदा. केस पांढरे झाले होते, वय जेमतेम चाळीस. कोर्टात शेवटची पाहिली होती. अकरा वर्षं या दोघी भिंतीच्या दोन बाजूंना राहिल्या होत्या, एकमेकींशी चकार शब्द न बोलता. आज एकाच बाकावर बसून एकाच पिशवीतल्या शेंगा फोडत होत्या.

"ह्यांना कागूद पायजे," आक्का मला म्हणाली. मला, सरकारी बाईला, परक्या माणसाला सांगावं तसं.

"कसला?"

मंदा उठून उभी राहिली. "बाई, आदी म्हनला आक्कानं मारलं. मग म्हनला बर्फानं. आता कोरट म्हनतंय बर्फानंबी न्हाई. मग माजी पोर कशानं गेली त्येवढं ल्हिवून द्या. तिच्या दाखल्यावर अजून खरवसच हाय. त्यो बदलायचा तर तुमचा कागूद लागतो म्हनं."

मी त्यांना आत घेतलं. संगणकावर दाखल्याच्या दुरुस्तीचा अर्ज उघडला. 'मृत्यूशी संबंधित अन्नघटक' या ओळीपुढे मला हवं ते लिहिता येत नव्हतं, तीनच पर्याय होते. बाद झालेल्या कुपीवरून 'बर्फ' लिहायला गेले की पडदा लाल व्हायचा. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदाही केला. ज्या जंतूची अठ्ठेचाळीस लाख अक्षरं मला माहीत होती, त्याच्यासाठी त्या ओळीत एका शब्दाचीही जागा नव्हती.

शेवटी जो पर्याय उरला तो निवडला. छापला, सही केली, शिक्का मारला.

मंदानं कागद दूर धरून अक्षर अक्षर लावत वाचला. "'आढळले नाही.' म्हंजे?"

"म्हणजे... आमच्या भाषेत 'नाही' वेगळं आणि 'आढळले नाही' वेगळं. नव्हतं असं नाही म्हणत आम्ही. आम्हाला दाखवता आलं नाही, एवढंच."

"पर तुमाला ठावं हाय."

"हो."

"कशानं गेली ते ठावं हाय."

"हो."

"आन् ल्हिता येत न्हाई."

आक्का खिडकीबाहेर बघत होती. मंदानं कागदाची घडी घातली, मग उलगडली, आणि माझ्यासमोर टेबलावर सरळ करून ठेवली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," ती म्हणाली. "खरवस ल्हिलंय तेच बरं हाय. निदान पोरीनं शेवटाला कायतरी ग्वाड खाल्लं, असं तरी वाटंल."

आक्कानं वळून मंदाकडे पाहिलं. मला वाटलं ती काही बोलेल. तिचा दोष त्या दाखल्यावर तसाच राहणार होता, आणि या वेळी तो मी ठेवलेला नव्हता. ती पिशवी उचलून म्हणाली, "चल मंदे. साडेतीनची चुकली तर मग सहाशिवाय न्हाई."

दोघी गेल्या. दारातून जाताना मंदाचा पाय उंबऱ्यावर अडखळला, आणि आक्कानं तिचा दंड धरला, तो फाटकापर्यंत सोडला नाही. माझ्याकडे दोघींपैकी कुणी वळून पाहिलं नाही.